मोठी विद्युत्-मोटार बसवितांना

शहरांतील गृहस्थाच्या घरीं पहाटे नळ सोडला कीं पाणी येतें, आणि तें रोज येतें म्हणूनच त्याचा कोणी फारसा विचार करीत नाहीं. मुंबईपुरतें बोलावयाचें तर १८९२ सालीं तानसा तलावाचें पाणी शहरांत आलें, तें उतारावरून आपल्याच वजनानें वाहत आलें. त्याला ढकलावयास यंत्र लागलें नाहीं. पुढें शहर वाढत गेलें आणि दूरच्या व खालच्या पाण्याकडे हात पसरावा लागला. भातसा नदीचें पाणी पिसे येथें पंपांनीं उचलून पांजरापूरकडे चढवावें लागतें. तेथें तें शुद्ध होऊन मग मुंबईची वाट धरतें. अशा रीतीनें घरांतल्या तांब्यांतील पाण्यामागें कोठें तरी दूर एक विजेची मोटार घरघरत असते. ही मोटार म्हणजे छताच्या पंख्यांतली किंवा शिवणाच्या यंत्राला लावलेली मोटार नव्हे. तिचें वजन टनांत मोजावयाचें, तिला वीज द्यावयाची ती हजारों व्होल्टच्या दाबाची, आणि मिनिटाला जवळ जवळ दीड हजार फेरे घेत ती महिनोन्‌महिने चालावयाची. अशी मोटार कारखान्यांतून निघून पंपाशेजारीं येऊन बसते, त्या आठ-दहा दिवसांत काय काय घडतें, व तें नीट न घडल्यास कोणाच्या जिवावर बेततें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मोटारीचा इतिहास विस्तारानें सांगण्याचें येथें कारण नाहीं. १८८८ सालीं निकोला टेस्ला यांस फिरत्या चुंबकक्षेत्राच्या मोटारीचीं पेटंटें अमेरिकेंत मिळालीं. पुढल्याच वर्षीं बर्लिनमध्यें काम करणाऱ्या डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की या रशियन इंजिनियरानें पिंजऱ्यासारख्या रोटरची त्रिकला मोटार तयार केली. १८९१ सालीं लाउफेन गांवीं नदीच्या पाण्यावर निर्माण केलेली वीज पावणेदोनशें किलोमीटर दूर फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनांत नेण्यांत आली. तेथें त्या विजेवर हजार दिवे तर लागलेच, पण शंभर अश्वशक्तीच्या एका मोटारीनें पंप चालवून एक कृत्रिम धबधबाहि वाहविला. धबधब्याची वीज करून त्या विजेचा पुन्हां धबधबा करून दाखविण्यांत थोडी गंमत होती खरी, परंतु पंपाला जोडलेली मोटार काय करूं शकते हें हजारों लोकांनीं तेथें डोळ्यांनीं पाहिलें. मुंबईंत १९१५ सालीं खोपोलीहून टाटांची जलविद्युत् आली, आणि गिरण्यांतील वाफेचीं इंजिनें हळूहळू मागें पडून त्यांच्या जागीं मोठमोठ्या मोटारी आल्या. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्यांपैकीं बहुतेक बंद पडल्या. मोटार बसविण्याची विद्या मात्र गिरण्यांबरोबर गेली नाहीं. पंपघरांत, साखर कारखान्यांत, सिमेंटच्या कामांत ती रोज लागते.

आरंभ पायापासून होतो. मोटार व पंप हीं दोन्ही एकाच काँक्रीटच्या चौथऱ्यावर बसवावयाचीं, आणि हा चौथरा त्यांच्या एकत्रित वजनाच्या निदान तिप्पट वजनाचा असावा असा जुना, अनुभवानें ठरलेला आडाखा आहे. हलकें घोंगडें जसें वाऱ्यानें उडतें, तसा हलका चौथरा यंत्राबरोबर कांपूं लागतो. हा चौथरा आजूबाजूच्या जमिनीशीं जोडून टाकावयाचा नसतो. मधें फट ठेवावयाची, म्हणजे एका यंत्राचा कंप दुसऱ्याला पोंचत नाहीं. चौथऱ्यावर लोखंडी बैठक ठेवून ती स्पिरिट लेव्हलनें समपातळींत आणावयाची आणि तिच्याखालीं न आकसणाऱ्या सिमेंटाचा पातळ गिलावा ओतावयाचा. ओततांना तो एकाच बाजूनें ओतावयाचा, म्हणजे आंतली हवा दुसऱ्या बाजूनें निघून जाते. दोन्ही बाजूंनीं ओतला तर हवा मधें कोंडते, आणि वरून भक्कम दिसणारी बैठक आंतून पोकळ राहते. हातोडीनें ठोकून पाहिलें तर असा पोकळ भाग मडक्यासारखा वाजतो. गिलावा पुरता पक्का होण्याआधींच बोल्ट आवळणें हा घाईचा नेहमींचा प्रकार. त्या घाईनें वाचलेला एक दिवस पुढें अनेक दिवसांच्या दुरुस्तीनें फेडावा लागतो.

मग मोटार येते. ती उचलण्याच्या वेळीं जेवढीं माणसें जवळ गोळा होतात तेवढ्यांची तेथें कधींच गरज नसते. मोटारीच्या अंगावर उचलण्यासाठीं ज्या कड्या असतात त्या केवळ मोटारीच्या वजनासाठीं केलेल्या असतात. खालची बैठक व पंप जोडलेलें सारें धूड त्या कड्यांना धरून उचलणें म्हणजे साक्षात् संकटास आमंत्रण. दोरखंडांचा कोन हाहि असाच फसवा विषय आहे. समजा, दहा टनांची मोटार दोन तारांनीं उचलली. तारा सरळ उभ्या असल्या तर प्रत्येकीवर पांच टन भार. त्या जमिनीशीं साठ अंशांचा कोन करून तिरप्या झाल्या तर प्रत्येकीवर पावणेसहा टनांहून थोडा अधिक. आणि क्रेनचा हूक खालीं आला म्हणून कोन तीस अंशांवर आला, तर प्रत्येक तारेवर पुरते दहा टन! मोटार तीच, तारा त्याच. केवळ पसरट धरल्यामुळें भार दुप्पट. हें गणित ठाऊक नसलेला मुकादम आपल्या तारेला पांच टनांचीच समजून तिच्याखालीं माणसें उभीं करतो. टांगलेल्या वजनाखालीं कोणींहि उभें राहूं नये, हा नियम या कामांत सर्वांत जुना आहे व सर्वांत अधिक वेळां मोडला जातो.

उतरलेल्या मोटारीचा शाफ्ट, म्हणजे मधला फिरता दांडा, लगेच हातानें फिरवून पाहण्याचा मोह तरुण फिटरास होतोच. प्रवासांत हादऱ्यांनीं बेअरिंगें खराब होऊं नयेत म्हणून रोटरला कुलुपासारखा अडसर घातलेला असतो; तो काढल्याशिवाय जोर लावणें चूक. शिवाय साध्या बुशांच्या बेअरिंगांतील तेल पाठवितांना बहुधा काढून घेतलेलें असतें. तेल न भरतां फिरविलें तर पहिल्याच फेऱ्यांत पांढऱ्या धातूवर ओरखडे उठतात.

आतां खऱ्या कौशल्याचा भाग येतो. घरांत एखादा पाट असतो. त्याचा एक पाय किंचित् आंखूड असला कीं जेवणारा हलला म्हणजे पाट डुगडुगतो. मोटारीलाहि चार पाय असतात. पण मोटार पाटासारखी डुगडुगत नाहीं, कारण चारहि पाय बोल्टांनीं आवळलेले असतात. आंखूड पाय बोल्टाच्या जोरानें खालीं ओढला जातो, आणि त्याबरोबर मोटारीचें सगळें कवच वांकतें. कवच वांकलें कीं बेअरिंगांच्या जागा एका रेषेंत राहत नाहींत, आणि रोटर व स्टेटर यांमधील हवेची अरुंद फट एका बाजूस अधिक तर दुसरीकडे कमी होते. बाहेरून कांहीं दिसत नाहीं. सारें ठाकठीक आवळलेलें दिसतें! म्हणून चांगला मिस्त्री प्रत्येक पायाजवळ डायल लावून एकेक बोल्ट सैल करून पाहतो. पाय मिलिमीटराच्या विसाव्या भागाहून अधिक वर उठला, तर त्याखालीं तेवढ्या जाडीची पोलादी पत्ती सरकवितो. या पत्त्या थोड्या व स्वच्छ असाव्यात. दहा-बारा पातळ पत्त्यांची चळत घातली तर ती स्प्रिंगसारखी दबते. गंजलेली पत्ती, रंगाचा पापुद्रा, लोखंडाचा एक कीस एवढ्यानेंहि सारी मेहनत वायां जाते. आणि पत्ती सरकवितांना बोटें पायाखालीं जातां कामा नयेत. मोटार पहारीवर तोलून धरलेली असतां पहार सटकली तर बोटें परत येत नाहींत. पत्तीला लांब शेपूट ठेवलेली असते ती याचसाठीं.

यानंतर मोटारीचा शाफ्ट व पंपाचा शाफ्ट एका रेषेंत आणावयाचे. पंपाला नळ जोडलेले असतात म्हणून पंप जागेवर ठेवून मोटार हलवितात. येथें आणखी एक पथ्य आहे. नळ ओढून-ताणून पंपाला जोडलेले असतील तर ते पंपालाच वांकडा करतात. मग मोटार कितीहि काळजीनें लावली तरी व्यर्थ. दोन शाफ्टांमधें चूक दोन प्रकारची असते. एक, दोन्ही समांतर असूनहि एक वर व एक खालीं किंवा बाजूला असणें; दुसरी, दोहोंमधें कोन असणें. व्यवहारांत दोन्ही एकत्र नांदतात. तपासण्यासाठीं एका कपलिंगवर डायल बांधून दुसऱ्याच्या कडेवर त्याची टोंक टेंकवितात आणि दोन्ही शाफ्ट बरोबर फिरवून वर, उजवीकडे, खालीं, डावीकडे असे चार आंकडे टिपतात. वर शून्य व खालीं ०.४० मिलिमीटर आलें तर खरा फरक ०.२० असतो, कारण डायल दुप्पट दाखवितो. शाळेंत ताळा करतात तसा येथेंहि ताळा आहे: डावा व उजवा यांची बेरीज वरच्या व खालच्या आंकड्यांच्या बेरजेइतकी आली पाहिजे. नाहीं आली तर डायल ढिला आहे किंवा त्याचा हात स्वतःच्याच वजनानें लवतो आहे. तो लवतो किती, हें एका ताठ नळीवर बांधून आधींच पाहून ठेवावयाचें असतें.

पत्त्या किती घालावयाच्या हें मात्र अंदाजानें ठरवावयाचें नाहीं, आणि मॅट्रिकच्या वर्गांत ज्यांनीं समरूप त्रिकोणांना कंटाळून खिडकीबाहेर पाहिलें असेल त्यांना येथें त्या त्रिकोणांची गांठ पुन्हां पडते. समजा, कपलिंगचा व्यास ४०० मिलिमीटर आहे व दोन तोंडांमधील फट खालच्यापेक्षां वर ०.१० नें अधिक आहे. म्हणजे मोटार मागच्या अंगाला खालीं बसली आहे. कपलिंगपासून पुढचे पाय ५०० व मागचे पाय १५०० मिलिमीटर अंतरावर आहेत. चारशेंत एक दशांश, तर पांचशेंत किती? ०.१२५. पंधराशेंत किती? ०.३७५. पुढच्या पायांखालीं पहिली पत्ती, मागच्यांखालीं दुसरी, आणि कोन नाहींसा होतो. त्यानंतर शाफ्ट जेवढा खालीं असेल तेवढी पत्ती चारहि पायांखालीं सारखी. ज्याला हें येत नाहीं तो दिवसभर पत्त्या घालतो व काढतो. येतें तो कागदावर दोन ओळी लिहून दोनतीन खेपांत काम संपवितो. बाजूला सरकवावयाचें तें स्क्रूनें, घणानें नव्हे. घणाचा घाव मोटारीच्या पायावर बसतो आणि त्याची खूण बेअरिंगवर उमटते.

अलीकडे हें सारें लेझरच्या किरणानें करतात. दोन्ही शाफ्टांवर एकेक डबी बांधावयाची, शाफ्ट फिरवावयाचे, कीं पडद्यावर कोणत्या पायाखालीं किती पत्ती हें उमटतें. सोय मोठी आहे, व डायलचा हात लवण्याचा प्रश्नच उरत नाहीं. तथापि पायाखालचा गंज घासून काढण्याचें काम किरण करीत नाहीं, आणि ज्यानें डायलवर हात बसविला नाहीं त्याला पडद्यावरील आंकडा चुकला आहे हें कळतहि नाहीं.

येथें घरच्या मंडळींना प्रश्न पडेल कीं केसाएवढ्या फरकाचें इतकें अवडंबर कां? पंपघरांतील उमेदवार मुलगाहि मिस्त्रीला हेंच विचारतो: “मिस्त्री, मधें रबराचें कपलिंग आहे ना? तेवढें तें सांभाळून घेईल.” मिस्त्री त्याला हिशेब करावयास लावतो. मिनिटाला १४८० फेरे, दिवसाला मिनिटें १४४०; गुणाकार एकवीस लाखांहून अधिक होतो. म्हणजे दिवसांत एकवीस लाख वेळां तें रबर एकदां इकडे व एकदां तिकडे दडपलें जाणार. रबर झिजेल तें झिजेल, पण तो दाब बेअरिंगवरहि पडतो. गोळ्यांच्या बेअरिंगचें आयुष्य भाराच्या घनाच्या प्रमाणांत घटतें. भार सव्वापट झाला तर आयुष्य जवळ जवळ निम्म्यावर येतें. चार वर्षें चालावयाचें बेअरिंग दोन वर्षांत जातें, आणि जातें तें बहुधा ऐन उन्हाळ्यांत रात्रीं, जेव्हां शहराला पाणी सर्वांत अधिक लागतें. दीड हजार फेऱ्यांच्या यंत्राला ०.०५ मिलिमीटरच्या आंत आणतात तें उगीच नव्हे.

यांतहि एक मौज आहे. थंड असतांना तंतोतंत एका रेषेंत आणलेली मोटार चालूं लागल्यावर रेषेंत राहतेच असें नाहीं. मोटार तापते, आणि तापलेलें लोखंड वाढतें. पायापासून शाफ्टपर्यंतची उंची ६०० मिलिमीटर व कवचाचा ताप ४० अंशांनीं वाढला, तर शाफ्ट पाव मिलिमीटराहून थोडा अधिक वर चढतो. थंड पाण्याचा पंप मात्र जागचा हलत नाहीं. म्हणून मोटार मुद्दाम तेवढी खालीं ठेवावयाची, म्हणजे तापल्यावर ती आपण होऊन रेषेंत येते. उलट उकळत्या पाण्याच्या पंपाचें. तेथें पंपच अधिक चढतो. किती खालीं ठेवावयाची तो आंकडा मोटारीचा कारखानदार देतो.

आतां जिवाची गोष्ट. ती खरें म्हणजे सर्वांत आधीं यावयाची, कारण शाफ्टला हात लावण्यापूर्वींच ती करावयाची असते. विजेचा स्विच बंद करून भागत नाहीं. त्याला कुलूप घालावयाचें, आणि कामावरील प्रत्येक माणसानें आपलें स्वतःचें कुलूप घालून किल्ली आपल्याच खिशांत ठेवावयाची. पांच माणसें आंत असतील तर पांच कुलुपें. जेवायला गेलेल्या सोबत्याच्या नांवानें दुसऱ्यानें कुलूप काढावयाचें नाहीं, मग वरून साहेबांचे किती का निरोप येईनात. कुलुपानंतर वीज खरोखर गेली आहे हें योग्य मापकानें पाहावयाचें, आणि तें मापक आधीं व नंतर चालू तारेवर तपासावयाचें. बिघडलेलें मापकहि शून्यच दाखवितें. मग तारा जमिनीशीं जोडावयाच्या.

एवढें झालें तरी पंपघरांत एक धोका उरतो व तो नवख्यांच्या ध्यानांत येत नाहीं. वर चढविलेलें पाणी नळांत उभें असतें. पाणी उलट येऊं न देणारा पडदा गळत असला तर तें पाणी खालीं येतांना पंप उलटा फिरवितें, आणि विजेचा थेंबहि नसतां शाफ्ट गरगर फिरूं लागतो. डायलचे आंकडे टिपण्यासाठीं वांकलेल्या माणसाचा सदरा कपलिंगच्या बोल्टांत अडकावयास एक फेरा पुरतो. म्हणून विजेप्रमाणें पाण्याच्या झडपाहि बंद करून त्यांनाहि कुलूप. तसेंच दोन कपलिंगांचीं भोंकें जुळलीं का हें बोट घालून पाहण्याची खोड. शाफ्ट अर्धा बोटभर सरकला कीं तीं भोंकें कात्री होतात.

पावसाळ्यांत आलेल्या मोटारीची आणखी एक परीक्षा असते. दमट हवेनें गुंडाळीचें वेष्टण ओल धरतें. मेगर नांवाच्या यंत्रानें त्याचा विरोध मोजतात. जुन्या मोटारींसाठीं किलोव्होल्टांत एक मिळवून येईल तितके मेगोम पुरे मानीत, ६.६ किलोव्होल्टच्या मोटारीला ७.६. आजच्या नव्या वेष्टणांना शंभर मेगोमची अपेक्षा धरतात. एका मिनिटाचा व दहा मिनिटांचा आंकडा ताडून पाहिला तर दुसरा पहिल्याच्या दुपटीचा तरी असावा. नसला तर गुंडाळी ओली किंवा मळलेली आहे, आणि ती हलक्या उष्णतेनें वाळविल्याशिवाय वीज देणें म्हणजे लाखों रुपयांची राख करणें होय. मेगर काढल्यावर गुंडाळींत उरलेला भार जमिनींत सोडून द्यावा लागतो. तो न सोडतां तारेला हात लावणाऱ्यास बसणारा धक्का हलका नसतो.

पहिला फेरा मोटारीनें एकटीनेंच घ्यावयाचा. कपलिंग सुटें ठेवून. कित्येक पंप उलटे फिरले तर आंतलें चाक आट्यांवरून सुटून जातें, म्हणून आधीं दिशा पाहावयाची. चुकली असेल तर तीन तारांपैकीं कोणत्याहि दोन अदलाबदल केल्या कीं दिशा पालटते. अर्थात् पुन्हां कुलूप, पुन्हां मापक, मगच. सुट्या शाफ्टच्या खांचेंत लोखंडी चावी सैल राहिली असेल तर ती गोळीसारखी उडते; ती काढावी किंवा घट्ट बांधावी. साध्या बुशांची मोटार चालतांना आपला चुंबकीय मध्य शोधून तेथें स्थिर होते. शाफ्टवर त्या ठिकाणीं खूण करून ठेवतात, आणि जोडतांना कपलिंगमधील फट त्या खुणेवरून धरतात. नाहीं तर रोटर मध्याकडे जावयास ओढ घेतो व बुशाच्या कडेवर घासत राहतो. सुरू होतांना मोटार नेहमींच्या पांच-सात पट वीज ओढते. म्हणून पहिल्यानें सुरू झाली नाहीं तर अधीर होऊन पुनःपुन्हां बटण दाबावयाचें नसतें. थंड मोटारीला लागोपाठ दोनदां, तापलेलीला एकदांच, मग थांबावयाचें.

हें सारें सांगावयास सोपें, पण पंपघरांत तें निवांतपणें घडत नाहीं. शहराचें पाणी बंद ठेवल्याची जाहिरात झालेली असते, चोवीस तासांची मुदत दिलेली असते, आणि वीस तास उलटल्यावर वरच्या खोलींतून दर पंधरा मिनिटांनीं टेलिफोन येऊं लागतो. अशा वेळीं मागच्या डाव्या पायाखालीं डायल ०.१२ दाखवितो. मिस्त्रीपुढें दोन वाटा असतात. बोल्ट आवळून मोटार सुरू करावी, तर आज पाणी वेळेवर जाईल आणि कोणाला कांहीं कळणार नाहीं. किंवा दोन तास अधिक मागून पाय उचलावा. ते दोन तास मागणाऱ्याला त्या दिवशीं बोल खावे लागतात, आणि सहा महिन्यांनीं न मोडलेल्या बेअरिंगबद्दल त्याला शाबासकीहि मिळत नाहीं, कारण न मोडलेली वस्तु कोणाच्या नजरेस येत नाहीं. म्हणून ते दोन तास मागण्याचा अधिकार त्याला आधींच लेखी दिलेला असावा. वेळ आल्यावर त्याच्या धैर्यावर विसंबणें हा कारभार नव्हे.

जोडणी झाली, कपलिंगवर लोखंडी जाळीचा पिंजरा बसला, आणि झडप हळूहळू उघडून पंपानें पाणी धरलें, म्हणजे मंडळी घरीं जातात. मिस्त्री मात्र चार-पांच तास मोटारीजवळ बसून बेअरिंगांचा ताप दर अर्ध्या तासानें लिहून ठेवतो. मोटार पुरती तापली कीं ती थांबवून, पुन्हां तींच कुलुपें घालून, तो पिंजरा काढतो आणि गरम असतांनाच चार आंकडे पुन्हां घेतो. ते आधीं धरलेल्या हिशेबाशीं जुळले तर पायांतून खुंट्या ठोकून जागा कायम करतो, तारीख घालून आंकडे वहींत उतरवितो, पिंजऱ्याचे बोल्ट मोजून परत लावतो, आणि आपलें कुलूप सर्वांच्या शेवटीं काढतो.